खडे बघायला गेलो...

अण्णांना सोनोग्राफीला नेलं ते पित्ताशयात खडे आहेत का हे बघायला. २००९ सालची गोष्ट. अण्णा तेव्हा ७१ वर्षांचे. लग्नाकार्यात जेवण झालं की उजव्या बरगडीखाली दुखायचं, आणि लग्नाकार्यात जेवणं तर ते सोडणार नव्हते. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली.

तालुक्याच्या गावातलं छोटंसं सेंटर. भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा बोर्ड, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या. डॉक्टरीणबाईंनी मला आत बसू दिलं. "काका, श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा." अण्णा आज्ञाधारकपणे श्वास धरत होते. दोन मिनिटांत बाई म्हणाल्या, "खडे आहेत हो, दोन." मला वाटलं, झालं काम. पण त्यांचा हात परत त्याच जागी गेला. "पुन्हा श्वास घ्या काका." मग पुन्हा. असं चार वेळा झालं, आणि चौथ्या वेळी बाईंनी बोलणं बंद केलं होतं.

रिपोर्टमध्ये खड्यांबद्दल दोन ओळी होत्या. त्याखाली एक ओळ होती. उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या भागात २.६ सेंटीमीटरची भरीव गाठ, सीटी स्कॅन करून घ्यावा.

लघवीतून कधी रक्त गेलं होतं का? नाही. कमरेत, कुशीत दुखत होतं? नाही. वजन? ते तर वाढलं होतं. माणूस ठणठणीत, आणि त्याच्या पोटात कुणीही न शोधलेली एक गोष्ट सापडलेली.

मी डॉक्टर नाही, आयुष्य बँकेत गेलं. पण त्या एका ओळीनं मला पुढची कित्येक वर्षं वाचायला लावलं. ती ओळ तिथं आली कशी? तीस-चाळीस वर्षांपूर्वी ती लिहिली गेली असती का? वाचत गेलो तसं लक्षात आलं की मूत्रपिंडाच्या कॅन्सरचा सगळा इतिहासच असा आहे. शोधायला गेलो एक आणि हाती लागलं दुसरंच!

सुरुवातच बघा. १८६१ साली अमेरिकेत मिलवॉकी गावी वोलकॉट नावाच्या सर्जननं एका रुग्णाच्या पोटातली मोठी गाठ काढली. त्यांना वाटत होतं ती यकृताची आहे, पाण्याची गाठ. काढून पाहिली तर गाठीबरोबर अख्खं मूत्रपिंडच बाहेर आलं होतं. रुग्ण पंधराव्या दिवशी गेला. म्हणजे वैद्यकाच्या इतिहासात मूत्रपिंड काढण्याची पहिली शस्त्रक्रिया म्हणून जी नोंदली गेली आहे, ती करणाऱ्याला आपण मूत्रपिंड काढतोय हे माहीतच नव्हतं.

ठरवून मूत्रपिंड काढलं ते आठ वर्षांनी, २ ऑगस्ट १८६९ ला, हायडेलबर्गच्या गुस्टाफ सायमन यांनी, आणि तेही कॅन्सरसाठी नव्हे. आधीच्या ऑपरेशनमध्ये मूत्रवाहिनीला इजा होऊन एका बाईची लघवी सतत गळत होती, तो त्रास थांबवायला. एका मूत्रपिंडावर माणूस जगू शकतो की नाही हेच तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. सायमननी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून खात्री करून घेतली. ती बाई बरी झाली. आज आपण "एक किडनी काढली तरी चालतं" असं सहज म्हणतो, त्याच्यामागे ही बाई आहे.

मग १८८३ साली पॉल ग्राविट्झ या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानं या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिल्या. पिवळसर, आत चरबी भरलेल्या पेशी. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी असते, तिच्या पेशींसारख्या त्या दिसतात, म्हणून त्यांनी अनुमान काढलं की त्या ग्रंथीचे चुकार तुकडे मूत्रपिंडात अडकून राहतात आणि त्यांची गाठ होते. अनुमान साफ चुकीचं होतं. पण त्यावरून पडलेलं 'हायपरनेफ्रोमा' हे नाव इतकं चिकटलं की जुन्या पिढीतल्या डॉक्टरांच्या तोंडी ते अगदी अलीकडेपर्यंत होतं. ही गाठ मूत्रपिंडाच्या स्वतःच्याच सूक्ष्म नलिकांमधून उगवते हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दाखवलं ते १९६० साली. नावं चुकीची असली की जास्त टिकतात की काय, कोण जाणे.

पण या सगळ्यांना गाठी मिळत होत्या त्या केवढ्या? तर नारळाएवढ्या. मूत्रपिंडाची जागाच तशी आहे. पोटाच्या मागच्या भिंतीला, पाठीच्या कण्याशेजारी, चरबीच्या गादीत ते लपून बसलेलं असतं. आजूबाजूला दाबलं जाऊन ओरडणारं असं काही नाही. गाठ मुठीएवढी झाली तरी माणसाला पत्ता लागत नाही. त्यामुळे वैद्यकाच्या पुस्तकांत तीन लक्षणं एकत्र पाठ करून घेत असत. लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारा गोळा. ही तिन्ही एकदम दिसली की निदान पक्कं. आणि बहुतेक वेळा उशीरही पक्का. कधी नुसताच ताप यायचा, कधी रक्तातलं कॅल्शियम वाढायचं, कधी हिमोग्लोबिन विनाकारण चढायचं. अशा आडवाटेनं येणारा हा आजार फिजिशियन लोकांचं डोकं खायचा, म्हणून त्याला 'इंटर्निस्टचा ट्यूमर' असंही म्हणत.

१८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनना क्ष-किरण सापडले. हाडं दिसू लागली, मूतखडे दिसू लागले. मूत्रपिंड मात्र मांसाच्या धुक्यात धूसरच राहिलं. १९०६ साली जर्मनीत फोल्कर आणि लिश्टेनबर्ग यांनी खालून, मूत्रमार्गातून नळी घालून चांदीचं द्रावण वर चढवलं आणि मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीचं चित्र मिळवलं. रुग्णाचे हाल काय होत असतील ते सांगायला नको.

यानंतरचा प्रकार मला फार आवडतो. १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रुग्णांना औषध म्हणून सोडियम आयोडाइड भरपूर देत असत. त्यांचे एक्स-रे काढले तर मूत्राशय पांढरं दिसायला लागलं! आयोडीन लघवीतून बाहेर पडतं आणि आयोडीन क्ष-किरणांना अडवतं. एका रोगाचं औषध दुसऱ्याच गोष्टीचं चित्र काढत होतं. १९२३ साली ऑसबोर्न, राउनट्री आणि सहकाऱ्यांनी हे छापलं. पण चित्र नीट यावं इतकं आयोडाइड देणं रुग्णाला झेपत नव्हतं.

ती अडचण सोडवली मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरनं, आणि तेही गाईंच्या मदतीनं. बर्लिनच्या शेतकी महाविद्यालयात बिन्झ आणि रेथ या रसायनतज्ज्ञांनी गाईंच्या सडांच्या संसर्गावर आयोडीनयुक्त औषधं बनवली होती. तीच माणसांच्या संसर्गावर चालतात का हे हॅम्बुर्गमध्ये बघत होते. तिथं शिकायला आलेल्या स्विकच्या डोक्यात आलं की यात आयोडीन आहे, हे लघवीतून बाहेर पडतं, मग एक्स-रेत का दिसू नये? त्यातूनच १९२९ साली युरोसिलेक्टान आलं. शिरेत इंजेक्शन द्यायचं आणि थोड्या वेळानं मूत्रपिंडं, नळ्या, मूत्राशय सगळं फोटोत उतरायचं. आपल्याकडे ज्यांना मूतखड्याचा त्रास झालाय त्या जुन्या मंडळींना 'आयव्हीपी' हा शब्द आठवत असेल. तोच हा. श्रेय मात्र बरीच वर्षं ज्येष्ठ प्राध्यापक लिश्टेनबर्ग यांच्याकडे गेलं. हो, तेच १९०६ वाले. स्विकला मान मिळाला तो म्हातारपणी, १९६० च्या दशकात. साहेब आणि हाताखालचा माणूस यांची ही गोष्ट कुठल्याही ऑफिसात चपखल बसेल.

आयव्हीपीत दिसायचं ते पोकळीचं चित्र. गाठ दिसायची ती सावलीनं. म्हणजे तिनं आतली नळी दाबली, वाकवली, तरच. बाहेरच्या बाजूला वाढणारी तीन सेंटीमीटरची गाठ या फोटोतून सहज निसटायची. अण्णांची गाठ १९६९ साली असती तर ती कुणाला दिसण्याची शक्यता फारच थोडी होती. आणि मुळात पित्ताशयासाठी आलेल्या माणसाचा आयव्हीपी काढला कुणी असता?

अण्णांना जे यंत्र लावलं त्याचा उगम ग्लासगोत आहे. इयन डोनाल्ड हे तिथले प्रसूतितज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, रडार-सोनारची माहिती होती. जवळच रेनफ्रूला बॉयलर बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीत धातूच्या सांध्यातल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधायचं यंत्र होतं. १९५५ च्या जुलैत डोनाल्ड ऑपरेशनमध्ये काढलेल्या गर्भाशयाच्या आणि बीजकोशाच्या गाठी गाडीच्या डिकीत घालून त्या कारखान्यात गेले. तुलनेसाठी कंपनीनं मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात हे तिथं दिसलं. १९५८ साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यातल्या एका बाईंना पोटाचा कॅन्सर आहे, काही करता येणार नाही, असं सांगितलं गेलं होतं. डोनाल्डच्या यंत्रानं दाखवलं की ती बीजकोशाची पाण्याची गाठ आहे. ती काढली, बाई वाचल्या.

जाता जाता एक सांगतो. हे डोनाल्ड गर्भपाताचे कट्टर विरोधक होते. ते १९८७ साली वारले आणि १९८८ साली महाराष्ट्राला त्यांच्या यंत्राचा वापर मुली पोटातच मारण्यासाठी होतो म्हणून देशातला पहिला कायदा करावा लागला. अण्णांच्या डोक्यावरचा तो बोर्ड त्याच मालिकेतला. असो.

तर सोनोग्राफी. ती पित्ताशयासाठी केली तरी मूत्रपिंड का दिसतं? उजवं मूत्रपिंड यकृताला जवळजवळ टेकून असतं. यकृतात चरबी साठली आहे का हे ठरवायला डॉक्टर यकृताचा करडेपणा शेजारच्या मूत्रपिंडाच्या करडेपणाशी ताडून बघतात. म्हणजे मूत्रपिंड तिथं असतं ते फूटपट्टी म्हणून! अण्णांची फूटपट्टीच वाकडी निघाली.

दुसरं यंत्र सीटी स्कॅनचं. ते बनवलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी, ईएमआय कंपनीत. (ईएमआय म्हटलं की बँकवाल्याच्या डोक्यात कर्जाचा हप्ता येतो, पण ही बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी. बीटल्सच्या पैशातून स्कॅनर झाला असं सांगतात, प्रत्यक्षात ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्यानंही त्यात बराच पैसा घातला होता.) १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनजवळ विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू स्कॅन झाला. चारेक वर्षांत सगळ्या शरीराचे स्कॅनर आले. १९७९ चं नोबेल हाउन्सफील्डना आणि स्वतंत्रपणे तेच गणित मांडणाऱ्या ॲलन कॉरमॅकना मिळालं.

सीटीनं सावलीच्या जागी आकडा आणला. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे हजार, बाकी सगळं या मोजपट्टीवर. शिरेत औषध दिल्यावर गाठीचा आकडा २० पेक्षा जास्त चढला तर तिच्यात रक्त खेळतंय, म्हणजे ती नुसती पाण्याची नाही. अण्णांच्या गाठीचा आकडा चांगलाच चढला होता. पाण्याच्या गाठी तर उतारवयात कितीतरी जणांना असतात. त्यांतल्या कुठल्या सोडून द्यायच्या आणि कुठल्या काढायच्या, याची वर्गवारी न्यूयॉर्कच्या मॉर्टन बोस्निॲक यांनी १९८६ साली केली. आजही रिपोर्टमध्ये त्यांचं नाव येतं. दिसायला लागलं म्हणून चाळायला चाळणी लागली, असं ते झालं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मूत्रपिंडाचे जे कॅन्सर सापडत, त्यांतला दहातला एखादाच असा ध्यानीमनी नसताना सापडलेला असे. १९९० च्या दशकात हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. कुणाची पाठ दुखते म्हणून, कुणाचा अपघात झाला म्हणून, कुणाच्या छातीचा स्कॅन काढला तर खालच्या कडेला मूत्रपिंडाचं टोक आलं म्हणून. इंटर्निस्टचा ट्यूमर रेडिओलॉजिस्टचा झाला. १९८२ साली अधिवृक्क ग्रंथीतल्या अशा अवचित गाठींसाठी 'इन्सिडेंटलोमा' हा शब्द कुणीतरी थट्टेनं घडवावा तसा घडवला गेला आणि पुढे सगळ्या अवयवांना लागू झाला.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. अण्णांचं नशीब, असंच सगळे नातेवाईक म्हणत होते. आत्या तर म्हणाली, "देवानंच खडे दिले रे त्याला." मलाही ते पटलं होतं. ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले होते की गाठ लहान असली तरी आतल्या बाजूला, रक्तवाहिन्यांजवळ आहे, पूर्ण मूत्रपिंड काढणंच सुरक्षित. आम्ही हो म्हटलं. तपासणीत कॅन्सरच निघाला, मूत्रपिंडाबाहेर न गेलेला. पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते आम्ही.

मग काही वर्षांनी २००६ सालचा एक अमेरिकन अभ्यास माझ्या वाचनात आला. हॉलिंग्सवर्थ आणि सहकाऱ्यांचा. १९८३ ते २००२ या काळात मूत्रपिंडाचे कॅन्सर सापडण्याचं प्रमाण सतत वाढलं होतं, सर्वांत जास्त वाढ दोन ते चार सेंटीमीटरच्या गाठींची. म्हणजे अण्णांसारख्यांची. त्या काढल्याही जात होत्या. पण या आजारानं मरणाऱ्यांचं प्रमाण काही कमी होत नव्हतं. मी बँकेतला माणूस, मला ताळेबंद कळतो. इतक्या गाठी वेळेत पकडल्या, तर तेवढी माणसं पुढे मरायची थांबायला हवी होती ना? जमा दिसत होती, पण शिल्लक वाढत नव्हती.

याचा एक अर्थ असा, की या लहान गाठींतल्या पुष्कळशा कुणाला कधी मारणारच नव्हत्या. २००३ साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी काढलेल्या गाठींचा हिशेब मांडला तर एक सेंटीमीटरच्या आतल्या जवळजवळ निम्म्या गाठी कॅन्सरच्या नव्हत्याच. चार सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींत साधारण पाचातली एक निरुपद्रवी असते. ज्या न काढता नुसत्या बघत ठेवल्या त्या सरासरीनं वर्षाला तीन मिलिमीटर वाढल्या. २०१८ साली गिल्बर्ट वेल्च आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ६५ ते ८५ वयाच्या लोकांची पाहणी छापली. पाच वर्षांत त्यांतल्या ४३ टक्के लोकांचा छातीचा किंवा पोटाचा सीटी निघाला होता, आणि ज्या भागात स्कॅन जास्त, त्या भागात मूत्रपिंडं काढण्याचं प्रमाणही जास्त. हजार जादा माणसांचे स्कॅन, तर चार जादा मूत्रपिंडं.

अमेरिकेत नंतरच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण उतरलं, हेही खरं. पण त्या काळात नवी औषधं आली, सिगारेट ओढणारे कमी झाले. त्यात अवचित सापडलेल्या गाठींचा वाटा किती, हे वेगळं काढून दाखवणं अवघड आहे. आणि लहान गाठींमधल्या काही खरोखरच पुढे पसरतात, तेव्हा "कशाला बघता" असं म्हणून मोकळं होणंही मला जमत नाही. आता वयस्कर माणसाची लहान गाठ असेल तर दर काही महिन्यांनी स्कॅन करून लक्ष ठेवणं, किंवा सुईनं तुकडा काढून आधी तपासणं, किंवा फक्त गाठीपुरता भाग काढणं, असे मार्ग डॉक्टर स्वतःहून समोर ठेवतात. गंमत म्हणजे गाठीपुरता भाग काढणं नवीन नाहीच. हायडेलबर्गच्याच चेर्नी यांनी ते १८८७ साली केलं होतं.

२००९ साली आम्हाला थांबण्याचा पर्याय कुणी सांगितला नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. सुचलं असतं तर? मी हे एकदा अण्णांसमोर बोललो. म्हटलं, कदाचित ती तशीच राहिली असती, काहीच झालं नसतं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "घरात साप शिरलाय म्हणून सांगितल्यावर तो विषारी आहे का बिनविषारी हे बघत तू रात्री झोपशील का?" मी म्हटलं, पण साप दाखवला नसता तर? "दाखवला ना," ते म्हणाले आणि पान उलटलं.

एका मूत्रपिंडावर त्यांनी अकरा वर्षं काढली. शेवटी शेवटी क्रिएटिनिन १.९ पर्यंत गेलं, मीठ कमी, डाळ मोजून, लग्नातली जेवणं बंद. ती त्यांना फार लागली. हृदय थकत गेलं आणि २०२० च्या जानेवारीत, ८२ व्या वर्षी, ते गेले. त्या २.६ सेंटीमीटरनं त्यांचा जीव घेतला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही. ज्या सोनोग्राफीनं ती दाखवली तिनं त्यांना वाचवलं की फक्त एक मूत्रपिंड आणि अकरा वर्षांची श्रीखंड-पुरी नेली, हेही नाही. मी विचार करतो, कधी या बाजूनं, कधी त्या. रात्रीची वेळ असेल तर बहुतेक त्या.

त्यांची फाईल माझ्याकडे आहे. शेवटची सोनोग्राफी २०१९ ची, पायावर सूज आली म्हणून केलेली. उजवे मूत्रपिंड शस्त्रक्रियेने काढलेले, असं त्यात लिहिलंय. आणि त्याच्या वर, पित्ताशयात दोन खडे. तेच दोन. ते काढायचे पुढे राहूनच गेले, आणि त्यांनीही कधी पुन्हा त्रास दिला नाही.